व्यावसायिक संकेतस्थळाची चाचणी आणि देखभाल

व्यावसायिक संकेतस्थळाची चाचणी म्हणजे ते उघडते की नाही एवढेच पाहणे नव्हे, तर ग्राहक ज्या क्रमाने ते वापरतो त्या क्रमाने प्रत्येक टप्पा, मुद्दाम चुकीची माहिती भरूनही, तपासणे होय. घरपोच आंबे पाठवणाऱ्या विक्रेत्याच्या मागणी-अर्जात सहाऐवजी पाचच अंकी पिनकोड भरल्यास अर्ज अडला पाहिजे व चूक कोठे आहे हे ग्राहकाला कळले पाहिजे. तसेच पैसे भरताना जोडणी तुटून बटण दोनदा दाबले गेले, तरी मागणी एकदाच नोंदली गेली पाहिजे.

देखभालीचे काम मात्र अखंड चालते. ब्राउझर व सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाण गुप्त ठेवणारे सुरक्षा प्रमाणपत्र मुदतबंद असते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने मोफत प्रमाणपत्रांसाठी ९० दिवसांची मुदत रूढ केल्याने त्यांचे नूतनीकरण सहसा स्वयंचलित ठेवतात, कारण ते चुकल्यास ब्राउझर ग्राहकाला धोक्याचा इशारा देतो. पान सापडत नसल्याचे दर्शवणाऱ्या ४०४ आणि सर्व्हरमधील बिघाड दर्शवणाऱ्या ५०० या संकेतांकांच्या नोंदी नियमित पाहाव्या लागतात. बॅकअप, म्हणजे माहितीची राखीव प्रत, वेगळ्या सर्व्हरवर ठेवावी आणि तिच्यावरून संकेतस्थळ प्रत्यक्ष उभे करून पाहावे, कारण न तपासलेल्या प्रतीवर विसंबता येत नाही.