राजीनाम्यानंतरचे चिंतामणराव

महाडनजीकच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर आणि १९५२ साली कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेलेले चिंतामणराव देशमुख यांनी, मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निषेधार्थ, १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, हा वृत्तांत मराठी वाचकास मुखोद्गत आहे. तदनंतरच्या त्यांच्या कर्तृत्वाची दखल मात्र आपण फारच कमी घेतली. ज्यांच्या अमदानीत इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली व आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण घडले, त्यांनी खजिन्याच्या किल्ल्या खाली ठेवताच विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद पत्करले, आणि नवस्वतंत्र देशातील उच्च शिक्षणाचा दर्जा व त्यास लागणारा पैसा यांची सांगड घालण्याचे किचकट काम १९६१ पर्यंत केले. हैदराबादेतील ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ही, सरकारी अंमलदार आणि खाजगी उद्योगांतील व्यवस्थापक यांना एकाच वर्गात बसविणारी संस्था. तिचीही धुरा त्यांनी वाहिली. (अशा दोघांचे एरवी फारसे पटत नाही, हे सांगणे नलगे.) पुढे पाच वर्षे ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६९ मध्ये स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्याने त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविली. तीत ते तिसरे आले.