पंख दुप्पट, तर वेग निम्मा?

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील शिडांच्या शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या. त्यांत शीड लावलेल्या फळीवरचे खेळाडू प्रथमच पाण्याच्या वर, अधांतरी धावताना दिसले. या प्रकाराला विंडफॉइलिंग म्हणतात. फळीखाली एक उभा खांब असतो व त्याच्या टोकाशी, पाण्यात बुडालेला, विमानासारखा पंख. हाच हायड्रोफॉइल. वेग पुरेसा झाला की हा पंख फळीला खेळाडूसकट उचलतो.

पंख दुप्पट मोठा केला तर निम्म्या वेगाला फळी उचलली जाईल का? वर्गात बहुधा ‘हो’ असे उत्तर येईल. ते तपासून पाहू.

पंखाची उचल = ½ × पाण्याची घनता × वेगाचा वर्ग × क्षेत्रफळ × गुणांक. गुणांक पंखाच्या आकारावर व तिरपेपणावर अवलंबून असतो. उचलले जाताना तो १ धरू. खेळाडू व साहित्य मिळून १०० किलोग्रॅम, म्हणजे वजन सुमारे १००० न्यूटन. पॅरिसच्या शर्यतीतला पुढचा पंख सुमारे ९०० चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे ३० सेंटिमीटर बाजूच्या चौरसाएवढा होता. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन असल्याने एवढासा पंख पुरतो. गणित केल्यास वेग येतो सेकंदाला ४.७ मीटर, म्हणजे ताशी १७ किलोमीटर.

आता पंख १८०० चौरस सेंटिमीटरचा घेऊ. वेग ताशी १२ किलोमीटर येतो, साडेआठ नव्हे. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने लागणारा वेग क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. वेग निम्मा हवा असेल, तर पंख चौपट हवा.

बारा आणि सतरा यांतला फरक लहान नाही. फळी पाण्यात असेपर्यंत पाण्याचा मोठा विरोध सोसावा लागतो. मंद वाऱ्यात ताशी १७ किलोमीटर गाठताच आले नाहीत, तर लहान पंखाचा खेळाडू पाणी कापत राहतो आणि मोठ्या पंखाचा पुढे निघून जातो.

मग सर्वांनी मोठाच पंख का घेऊ नये? वेग वाढला तरी वजन तेवढेच राहते. दुप्पट वेगाला पाव गुणांक पुरतो, म्हणून पंखाचा तिरपेपणा कमी करावा लागतो. पृष्ठभागाचे घर्षण मात्र क्षेत्रफळाबरोबर वाढते. जोरदार वाऱ्यात मोठा पंख ओझे ठरतो. शिवाय तिरपेपणात जरासा बदल होताच तो पाण्याबाहेर उसळतो.

टेलिफोनमुळे प्रसिद्ध असलेल्या ग्रॅहॅम बेल यांच्या एचडी-४ या बोटीत यावर सुंदर तोड होती. तिचे पंख शिडीच्या पायऱ्यांसारखे एकावर एक होते. बोट वर येई तसतसे वरचे पंख पाण्याबाहेर पडत व पाण्यातले क्षेत्रफळ आपोआप घटे. १९१९ मध्ये तिने ताशी सुमारे ११४ किलोमीटर वेग गाठला. इन्सुली-बांद्याजवळच्या मोपा विमानतळावर उतरणारी विमाने याच कारणाने पंखांच्या मागील झडपा बाहेर काढतात. कमी वेगाला मोठा व अधिक वाकलेला पंख हवा असतो.

याचा अनुभव वर्गालाही घेता येईल. पाऊस ओसरल्यावर गुडघ्याहून कमी पाण्याच्या व्हाळात, शिक्षकांच्या देखरेखीखाली, मुलांनी रुंद पट्टी प्रवाहाला सामोरी असलेली कड किंचित वर ठेवून आडवी धरावी. हात वर ढकलला जातो. संथ पाण्यात व वेगवान धारेत तो जोर किती बदलतो ते पाहावे. मग फळ्यावर प्रश्न लिहावा : त्याच ९०० चौरस सेंटिमीटरच्या पंखावर एकूण भार दुप्पट झाला, तर कोणता वेग लागेल? उत्तर ३४ नाही, २४ आहे.