कर्मचारी नोकरीत टिकतो कशामुळे?

सामाजिक क्षेत्रात काम करताना आम्ही एक चित्र अनेकदा पाहतो. संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात कार्यकर्त्याचा शाल देऊन सत्कार होतो. त्याचे मानधन मात्र दोन महिने थकलेले असते. पुढच्या वर्षी तो दिसत नाही. मग आपणच म्हणतो, 'आजच्या तरुणांत बांधिलकी राहिली नाही.' खरेच तसे आहे का?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व लेखापालांना विचारले, कामात फार समाधान कधी वाटले आणि फार नाराजी कधी? १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्हींची कारणे वेगवेगळी निघाली. संस्थेचे धोरण, वरिष्ठांची वागणूक, कामाची परिस्थिती यांतून नाराजी येत होती. पगारही त्यांनी याच गटात धरला. समाधान मिळत होते ते यश, कामाची दखल, जबाबदारी आणि प्रगतीतून.

म्हणजेच चांगला पगार मिळाला म्हणून माणूस जीव ओतून काम करेलच असे नाही. पण पगार थकला तर कौतुकाने घरभाडे भरता येत नाही. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.

आपल्या समाजातील अनेक मुले-मुली घरातली पहिली पगारदार पिढी आहेत. त्यांच्या पगारावर भावंडांची फी अवलंबून असते. त्यांच्याकडे त्याग मागण्याआधी आपण त्यांना नियुक्तीपत्र द्यावे, ठरल्या तारखेला पगार द्यावा आणि निर्णयाच्या बैठकीत जागा द्यावी. सत्कार त्यानंतर.