चार मिलिमीटरचा पॉलिप

कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये ‘पॉलिप, ४ मिमी, काढला’ असे वाचले की घरात सगळ्यांच्या मनात कॅन्सरच येतो. खरे तर ती दिलासा देणारी ओळ आहे.

मोठ्या आतड्याचे अस्तर काही दिवसांतच नवे होत राहते. पेशी इतक्या वेगाने विभागताना जनुकांत बिघाड होतात, जुन्या पेशी वेळेवर गळत नाहीत आणि अस्तरावर उंचवटा उठतो. तोच पॉलिप. गुदाशयातले छोटे हायपरप्लास्टिक पॉलिप सहसा निरुपद्रवी असतात. अ‍ॅडिनोमा प्रकारातल्या काहींचा मात्र पुढे कॅन्सर होतो, आणि त्याला साधारण दहा वर्षे लागतात. तपासणीला अर्थ आहे तो या सवडीमुळे.

नुसते बघून प्रकार खात्रीने सांगता येत नाही, म्हणून डॉक्टर पॉलिप तिथल्या तिथे काढतात. दुर्बिणीतून बारीक तारेचा फास जातो, पॉलिपभोवती थोडे निरोगी अस्तर धरून आवळला जातो. १० मिमीच्या आतल्या पॉलिपसाठी हल्ली विजेचा चटका टाळतात, त्यामुळे नंतर रक्तस्राव होण्याचा धोका कमी राहतो. अस्तर कापल्याची वेदना होत नाही. तुकडा पॅथॉलॉजीकडे जातो. न्यूयॉर्कमध्ये वुल्फ आणि शिन्या या डॉक्टरांनी १९६९ मध्ये दुर्बिणीतून असा पॉलिप काढला. त्याआधी आतल्या भागातल्या पॉलिपसाठी पोट उघडावे लागे.

पुढची तपासणी कधी, हे पॅथॉलॉजीचा रिपोर्ट ठरवतो. अमेरिकेतल्या २०२० च्या शिफारशींनुसार १० मिमीपेक्षा लहान एक-दोन अ‍ॅडिनोमा असतील तर ७ ते १० वर्षांनी. तीन-चार असतील तर ३ ते ५ वर्षांनी. १० मिमी किंवा मोठा असेल तर ३ वर्षांनी. हे सगळे आतडे नीट साफ असेल तरच. चपटे पॉलिप थोड्याशा मळाखालीही लपतात. म्हणून जुलाबाच्या औषधाचा सकाळचा दुसरा डोस कितीही नकोसा वाटला तरी पूर्ण घ्यावा, आणि आधीचे काही दिवस पेरू, टोमॅटो, वांगे असे बियांचे पदार्थ टाळावेत.

शौचातले रक्त शोधणारी ‘फिट’ चाचणी सोपी आहे. ती फक्त माणसाचे रक्त ओळखते, त्यामुळे आदल्या दिवशी मटण खाल्ले तरी बिघडत नाही. पण छोटे पॉलिप क्वचितच रक्त सोडतात. ही चाचणी दर वर्षी करायची ती त्यासाठीच. ती पॉझिटिव्ह आली तर कोलोनोस्कोपी करावीच लागते.

आपल्या सरकारी कॅन्सर तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे. मोठे आतडे नाही. त्यामुळे आठवण घरच्यांनीच ठेवायची. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, तर चाळिशीत किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांतले जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करावी. आणि शौचावाटे रक्त जात असेल तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून महिनोन्‌महिने मलम लावत बसू नये. अशा वेळी ‘फिट’ची वाट न पाहता थेट डॉक्टरांना दाखवावे.