जाळं राखणारी रुंद स्टिक

मैदानी हॉकीचा चेंडू 156 ते 163 ग्रॅम भरतो. बर्फावरच्या हॉकीत चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. तीही 156 ते 170 ग्रॅमचीच. जोरदार फटका बसला की दोन्हींचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. तरीही या दोन खेळांतल्या गोलरक्षकांच्या स्टिक शेजारी ठेवल्या, तर त्या एका घराण्यातल्या वाटणारच नाहीत.

मैदानी हॉकीत कुठलीही स्टिक 51 मिलिमीटर व्यासाच्या कड्यातून आरपार जावी लागते. गोलरक्षकालाही त्यात सूट नाही. त्यामुळे त्याची स्टिक सडपातळच राहते आणि अडवण्याचं बरंचसं काम पायांवरच्या जाड पॅडवर येतं. 30 ऑक्टोबर 2016 रोजी कुआंतानला आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात जखमी गोलरक्षक श्रीजेशच्या जागी आपल्या यवतमाळचा आकाश चिकटे गोलमध्ये उभा होता. भारताने पाकिस्तानला 3-2 ने हरवलं. त्या दिवशी त्याच्या हातात होती ती हीच सडपातळ स्टिक.

बर्फावर मात्र स्टिक खालच्या अंगाला चांगली रुंदावते, डोंग्याच्या वल्ह्यासारखी. जमिनीलगतचं पातं, त्यावर पॅडल नावाचा रुंद पट्टा आणि वर हातात धरायचा बारीक दांडा. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएलच्या नियमांनुसार पातं साडेपंधरा इंचांपर्यंत लांब असू शकतं. पॅडल पात्याच्या टाचेपासून 26 इंचांपर्यंत चढतं आणि साडेतीन इंचांपर्यंत रुंद असतं. एवढ्या रुंदीचं कारण गोलरक्षकाच्या बैठकीत आहे. पक खालून येताना दिसला की तो गुडघ्यांवर कोसळतो आणि दोन्ही पाय बाजूंना आडवे पसरतो. सहा फूट रुंद जाळ्याचा तळ त्याने बराचसा झाकला जातो, पण मधोमध, गुडघ्यांच्या बेचक्यात, फट उरते. ती फट बुजवायला ते पातं! मारण्यासाठी जन्मलेल्या अवजाराचं इथे दार झालं, आणि मला यात या खेळाची सगळी बुद्धी दिसते.

ही स्टिक कशाची करावी, हे समजून घ्यायला गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलासारखी जागा नाही. या मुलखात बांबू मुबलक. कोरड्या, खडकाळ जमिनीवरचा मानवेल बांबू जवळजवळ भरीव होतो, म्हणून तर त्याच्या लाठ्या होतात. एखादं कांडं करवतीने आडवं कापा आणि काप उजेडात धरा. काळसर ठिपके दिसतील. सालीजवळ ते दाटीवाटीने आणि आत येता येता विरळ. ते ठिपके म्हणजे तंतूंच्या जुड्या. वाकवताना सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या थरावर येतो, आणि झाडाने बळ नेमकं तिथेच साठवलेलं असतं. आजची कार्बनची स्टिक याच तत्त्वावर बनते: बाहेर रेझिनमध्ये बसवलेले तंतू, आत पोकळी किंवा हलका फोम. कारखान्यात भट्टी लावून जे साधतात, ते पावसाळ्यात आपल्या रानात आपोआप उगवतं.

तरीही इतर खेळाडूंनी लाकूड केव्हाच सोडलं असताना गोलरक्षक लाकूड आणि फोमच्या जाड स्टिकला बराच काळ धरून राहिले. ती जड असते, पण पकचा दणका पोटात घेते. हाताला झिणझिण्या कमी येतात आणि पक फार उसळत नाही. कार्बनची हलकी असते, झटकन फिरते आणि खिशाला जड पडते. नवशिक्याने फोमची घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

विकत घेताना एकूण लांबीपेक्षा पॅडलची लांबी महत्त्वाची. स्केट आणि पॅड घालून खेळायच्या पवित्र्यात वाका, पातं स्केटच्या थोडं पुढे टेकवा. ते टाचेपासून टोकापर्यंत सपाट बसलं पाहिजे. पॅडल फार लांब असेल तर उजवा हात वर ढकलला जातो आणि काखेखाली पकला वाट मिळते. आखूड असेल तर पाठ नको तितकी वाकते. पुढे अंतर ठेवण्यातही शहाणपण आहे: पक आदळला की स्टिक जरा मागे सरते आणि त्याचा जोर मरतो. झेलायचा मोजा डाव्या हातात घालणाऱ्याने ‘रेग्युलर’ मागावी, उजव्या हातात घालणाऱ्याने ‘फुल राइट’.

आपल्या देशात हा खेळ प्रामुख्याने लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर वाढला. 2016 साली तिथल्या मुलींचा भरणा असलेल्या भारतीय महिला संघाला परदेशी स्पर्धेला जाण्यासाठी लोकवर्गणी काढावी लागली होती, आणि 2025 मध्ये या संघाने आशिया कपात कांस्यपदक जिंकलं. त्यांच्याप्रमाणे तुम्हीही खेळायला उतरणार असाल, तर नवी स्टिक हाती आली की पहिलं काम टेपचं. दांड्याच्या वरच्या टोकाला टेप गुंडाळून निदान अर्धा इंच जाडीची गाठ करा. स्टिक हातातून निसटून बर्फावर पडली तर त्या गाठीमुळे टोक किंचित उचललेलं राहतं, आणि जाड मोजा घातलेल्या हाताची बोटं त्याखाली शिरू शकतात.