मुरुमांचे औषध आणि सांधेदुखी

खोल व्रण ठेवणाऱ्या तीव्र मुरुमांवर अमेरिकेत १९८२ साली मंजुरी मिळालेले आयसोट्रेटिनॉइन हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातील औषध जितके गुणकारी, तितकेच खबरदारीने घेण्याजोगे असून, त्याच्या सेवनकाळात पाठ, सांधे व स्नायू दुखणे ही, विशेषतः कष्टाचा व्यायाम करणाऱ्या तरुणांत आढळणारी, सुपरिचित तक्रार होय. चंदीगडच्या सुखना तलावाकाठी पहाटे धावणाऱ्या विद्यार्थ्याने तिला निव्वळ थकवा मानून अंगावर काढणे मला सर्वथा अनुचित वाटते. कारण अशा वेळी रक्तातील क्रिएटिन कायनेज हे स्नायूंच्या इजेचे निदर्शक विकर वाढलेले असू शकते. मात्रा घटविल्यावर वा इलाज संपल्यावर वेदना बहुधा शमते. तथापि सकाळी ताठरणारी कंबर, कमालीची अशक्तता किंवा काळसर लघवी दिसताच, १९६२ साली स्थापन झालेल्या चंदीगडच्या ‘पीजीआय’ या वैद्यकीय संस्थेसारखे रुग्णालय विनाविलंब गाठावे. गर्भवतीस हे औषध पूर्णतः वर्ज्य आहे.