डोळ्यांवाचून तोल

वाशीम जिल्ह्यातील काळ्या रानात पावसाळ्यात शेताचा धुरा हीच पुष्कळदा वाट असते. ती अरुंद व निसरडी असते. तरी डोक्यावर गवताचा भारा घेतलेली शेतकरीण तीवरून सहज चालत जाते. तिचा तोल कोण सांभाळतो?

हे काम शरीरातील तीन सेवक मिळून करतात. पहिला सेवक म्हणजे डोळे. दुसरा कानाच्या अंतर्भागात असतो. तेथे तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांत द्रव भरलेला असतो. मस्तक वळले की तो द्रव हलतो आणि मेंदूला वर्दी पोचते. तिसरा सेवक म्हणजे तळपाय, स्नायू व सांधे यांतील संवेदना. जमीन उतरती आहे की मऊ, हे ती सांगते. तिघांचे निरोप ऐकून मेंदू स्नायूंना आज्ञा देतो.

भिंतीजवळ एका पायावर उभे राहून डोळे मिटून पाहावे. थोड्याच वेळात शरीर डोलू लागते. एक सेवक रजेवर गेला, की उरलेल्या दोघांवर असा भार पडतो!

अंध मुलांच्या बाबतीत हा भार नेहमीचाच असतो. म्हणून ओबडधोबड जमिनीवर त्यांचा तोल लवकर ढळतो. परंतु याला आणखीही एक कारण आहे. मूल पडेल या भीतीने घरची माणसे त्याला धावू देत नाहीत, खेळू देत नाहीत. मग त्याचे स्नायू दुबळे राहतात आणि तोल सावरण्याची सवय त्याला लागत नाही. पडू नये म्हणून घेतलेली काळजीच अशा रीतीने पडण्याचे कारण होते!

सराव मिळाला तर काय घडते, याचे उदाहरण मुंबईत आहे. अ‍ॅना मिलार्ड या अमेरिकन बाईंनी १९०० साली तेथे अंधांसाठी एक शाळा काढली. आज ती कमला मेहता अंध शाळा म्हणून ओळखली जाते. या शाळेतील मुलींना मल्लखांबाचे ज्येष्ठ शिक्षक उदय देशपांडे यांनी मल्लखांब शिकविला. देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. दृष्टी नसलेल्या मुली टांगलेल्या दोरीवर चढतात आणि आसने करतात. दोरीचा स्पर्श, स्नायूंतील ताण आणि शिक्षकांचे शब्द हेच त्यांचे मार्गदर्शक होत.

खेडे असो वा शहर, अंध मुलाला आधार द्यावा तो चालण्यासाठी. बसवून ठेवण्यासाठी नव्हे.